अर्धा आटा

या शहरात पाणी ब्याण्णव अंशांनाच उकळतं.
शाळेत शंभर शिकवलं,
आपण डोंगरावर राहतो हे सांगायचं मात्र राहून गेलं.
मी कॉफीची मशीनं दुरुस्त करतो,
म्हणून मला ठाऊक.

अदिस अबाबात तेवीस वर्षं हेच.
पिशवीत पाने, वायसर, क्षार काढायची पावडर,
निळ्या-पांढऱ्या मिनीबसच्या दारात अर्धा आत अर्धा बाहेर,
बोलेहून मर्काटो, मर्काटोहून सिदिस्त किलो.
लोक विचारतात,
हब्तामू, खरी चांगली कॉफी मिळते कुठे?
जणू दातांच्या डॉक्टरला विचारावं
सगळ्यात छान हसतं कोण.

मी आतून पाहिलेली असतात सगळी.
त्या काचेच्या इमारतीत
दुधावर नेच्याचं पान काढतात, रेषा न् रेषा जागेवर,
आणि वाफेच्या नळीत महिन्याचं दूध
खपलीसारखं धरलेलं.
मी हसतो. पावती फाडतो.
पाणी पिऊन निघतो.

झेनेबेचकडे जायचं तर
टायरवाल्याच्या मागून वळायचं,
निलगिरीच्या वाशांची परांची रस्ता अडवते
तिथे वाकायचं. पाटी नाही.
चार स्टुलं,
पाचव्यावर नातीची गणिताची वही.
मशीन माझ्याहून वयानं मोठं,
इटलीहून आलेलं, परत जायचं विसरलेलं.
काटा कायम सातावर.

सात म्हणजे आजारी.
नऊ हवेत, कुठल्याही पुस्तकात बघा.
मी म्हटलं, बाई, पंप थकलाय,
एक दुपार द्या मला.
ती म्हणाली, थकलेलं चालतंय की, चालू दे.
मी ऐकलं नाही.
कारागिराला बिघाड दिसला
की त्याच्या हाताला खाज सुटते.

रबर बदललं, जाळी घासली,
स्क्रू पिळत पिळत काटा नवावर आणला.
मशीन असं गुरगुरलं
की नातीनं वहीतून मान वर केली.

मग आठवडाभराने सहज गेलो.
कोर्टाबाहेर अर्ज लिहून देणारे अतो देम्सेव,
बँकेची पहारेकरीण तिच्या टोपीसकट,
बूटपॉलिशवाला तो पोरगा, पैसे आधी मोजून ठेवणारा,
सगळे आपापल्या जागी.
सगळे म्हणाले, छान. हो, छान झालीय.
आमच्याकडे तोंडावर वाईट बोलत नाहीत.
पण कप.
मी कपांकडे बघत होतो.
प्रत्येकात दोन बोटं कॉफी उरलेली.

माझाही घेतला.
कडू. जळकी नव्हे, घाई झालेली.
सिदामाचा दाणा, तिनंच मागच्या अंगणात
तव्यावर भाजलेला,
त्याला नऊच्या दाबानं दरडावून विचारलं होतं,
बोल लवकर.
सातावर तो आपणहून बोलायचा:
आधी लिंबाचं साल,
मग बऱ्याच वेळानं, कप खाली ठेवल्यावर,
मधासारखं काहीतरी.

झेनेबेच बोलली नाही.
फडक्यानं ओटा पुसला,
जिथे काही सांडलेलं नव्हतं तिथेही.

ती दूध आणायला गेली.
मी मागे गेलो, झाकण काढलं,
आणि तेवीस वर्षांत पहिल्यांदा
चांगलं चाललेलं मशीन बिघडवलं.
एक आटा ढिला. चाखली. नाही.
आणखी अर्धा.
काटा खाली येताना मला
चोरी करताना येतो तसा घाम आला.

नात दारात उभी होती.
तोडताय का? तिनं विचारलं.
म्हटलं, नाही गं, दुरुस्त करतोय.
तिनं काट्याकडे पाहिलं,
नवातून सात वजा केले असावेत,
आणि जाऊन वही उघडली.

संध्याकाळी अतो देम्सेव यांनी कप उपडा करून
बशीवर ठेवला. काही म्हणाले नाहीत.

त्या कामाचं बिल अजून द्यायचंय.
पावतीपुस्तक उघडतो,
तारीख घालतो, तिचं नाव लिहितो,
खाली ‘कामाचा तपशील’ अशी रिकामी ओळ असते.
तिथवर येऊन पेन थांबतं,
आणि मी आणखी एक कॉफी मागवतो.